सीमेपलीकडील बहिणींसाठी प्रार्थना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला वक्ता बाहेरून बोलवावा असा आपला प्रघात आहे. या वर्षी चिटणीसबाईंनी तो मोडला आणि घरच्याच बाईला उभे केले. "तुम्ही नेपाळात तीन आठवडे शिकवून आलात, त्याविषयी चार शब्द बोला," अशी त्यांची आज्ञा झाली. परंतु प्रवासवर्णन सांगण्याचा माझा विचार नाही. तिथले डोंगर आणि बर्फ आपण सर्वांनी घरबसल्या मोबाइलवर पाहिलेले आहेत. मला बोलायचे आहे ते परत आल्यानंतरच्या कामाविषयी. शिकवणे तीन आठवड्यांत संपले. ज्यांना शिकवले त्यांच्याशी जडलेले नाते मात्र संपले नाही. ते नाते आपल्यासारख्या घरसंसारात गुंतलेल्या बायकांनी निभवायचे कसे? त्यांच्यासाठी प्रार्थना करून, हे माझे उत्तर. पण ती प्रार्थना कोणत्या रीतीने करायची, याचा थोडा विचार आज आपण मिळून करू या.

ज्या शेजारणी ख्रिस्ती नाहीत त्यांनी हा विषय परका मानू नये. मुलगा परगावी गेला की देवापुढे त्याचे नाव घेत नाही अशी आई आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायची नाही. दुसऱ्यासाठी देवापाशी मागणे याला आम्ही मध्यस्थीची प्रार्थना म्हणतो, इतकेच.

प्रथम आपल्या नगरचीच गोष्ट घेऊ. सरकारदरबारी आता अहिल्यानगर हे नाव झाले आहे, पण जुन्या काळाविषयी बोलताना जिभेवर नगरच येते. १७८४ साली इंग्लंडातील नॉर्दॅम्प्टनशायर भागातल्या काही लहान बाप्टिस्ट मंडळ्यांनी ठराव केला की, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी संध्याकाळी एकत्र जमून जगाच्या कल्याणासाठी प्रार्थना करायची. त्याच भागात जोडे शिवून पोट भरणारा विल्यम कॅरी नावाचा तरुण होता. तो १७९३ साली बंगालमध्ये आला आणि १८०५ साली श्रीरामपूरच्या त्याच्या छापखान्यातून मराठीचे व्याकरण व मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत बाहेर पडले. पहिल्या सोमवारची ही चाल पुढे अमेरिकेतही पसरली. बॉस्टन शहरात १८०० साली बायकांनी मिशनकार्यासाठी स्वतःची संस्था काढली, आणि १८०२ पासून आठवड्याला एक सेंट बाजूला ठेवण्याचा उपक्रम तिथल्या बायकांत सुरू झाला. एक सेंट म्हणजे डॉलरचा शंभरावा भाग. आपल्या मंडळाच्या भिशीत एवढ्याने कोणी दार उघडणार नाही! परंतु पैसा टाकताना प्रार्थनाही करायची, असा तो नेम होता.

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन बोर्डाचे मिशनरी मुंबईस पोहोचले. १८३१ साली नगरला ठाणे झाले. त्यांची पत्रे 'मिशनरी हेराल्ड' मासिकात छापून येत आणि तिकडे पहिल्या सोमवारच्या सभांत अशी पत्रे वाचून दाखवीत. त्या सभांत बसणाऱ्या बायकांनी भिंगारची वेस पाहिलेली नव्हती, की ज्वारीची भाकरी चाखलेली नव्हती. तरी देवापुढे त्या आपल्या मुलुखाचे नाव घेत होत्या.

या पाठबळावर जी माणसे आली त्यांत मिस सिंथिया फॅरार होत्या. एकट्या, अविवाहित बाईने सातासमुद्रापलीकडे शिक्षिका म्हणून जावे ही गोष्ट तेव्हा अमेरिकेतही नवलाची होती. त्या १८२७ साली मुंबईस आल्या, १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ साली इथेच देवाघरी गेल्या. मुलींना शिकवण्यात त्यांचा जन्म गेला. जोतीराव फुल्यांनी नगरला येऊन त्यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि १८४८ साली पुण्यात आपली मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंचे शिक्षिकेचे शिक्षणही नगरला फॅरारबाईंच्या हाताखाली झाल्याचे सांगतात. आज इथे बसलेल्या आपण सर्व, कोणत्याही जातीधर्माच्या असो, लिहितावाचता येणाऱ्या बायका आहोत. कोणा परक्या बायकांच्या प्रार्थनेचा आणि एका सेंटाचा त्यात थोडा वाटा आहे, हे विसरून चालणार नाही.

यावरून असे वाटेल की प्रार्थना तिकडच्यांनी करायची आणि आपण ओंजळ पुढे धरायची. तसे नाही. वर्षारंभीचा जो प्रार्थनासप्ताह जगभर पाळला जातो, त्याची हाक आपल्याच देशातून गेली. १८५८ साली पंजाबातील लुधियाना येथील मिशनऱ्यांनी सर्व देशांतील मंडळ्यांना तसे आवाहन केले आणि जानेवारी १८६० मध्ये पहिला सप्ताह झाला. आणखी जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. त्यांचे केडगाव म्हणजे आपल्या नगरला लागून असलेले नव्हे, दौंडजवळचे. तिथे मुक्ती सदनात जानेवारी १९०५ मध्ये सुमारे सत्तर जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या आणि काही महिन्यांत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. रमाबाईंच्या सहकारी मिनी एब्रॅम्स यांनी त्या जागृतीवर एक पुस्तिका लिहिली व ती दक्षिण अमेरिकेत चिली देशात राहणाऱ्या आपल्या जुन्या वर्गमैत्रिणीला पाठवली. १९०९ साली तिथल्या व्हालपरायसो शहरातील मंडळीत मोठी जागृती झाली, तिच्या मुळाशी ही पुस्तिका होती. दौंडजवळच्या अनाथ आणि विधवा मुलींची प्रार्थना पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन भिडली!

आता नेपाळकडे वळू. मनमाडला गोरखपूरची गाडी धरायची आणि पुढे सोनौलीला सीमा ओलांडायची. सोनौलीच्या अलीकडे काही मैलांवर नौतनवा नावाचे गाव आहे. नेपाळचे दार परक्यांना बंद होते तेव्हा, म्हणजे १९३० नंतरच्या काळात, डॉ. लिली ओहॅनलन आणि हिल्डा स्टील या दोन बायका या गावी येऊन राहिल्या. सीमेवर येणाऱ्या नेपाळी रोग्यांना औषधपाणी करायचे आणि दार उघडावे म्हणून प्रार्थना करायची, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९५१ साली तिथली राज्यव्यवस्था बदलली आणि १९५२ साली त्या आपल्या नेपाळी सहकाऱ्यांसह डोंगर चढून पोखऱ्याला पोहोचल्या. तिथे त्यांनी उभारलेल्या इस्पितळाच्या पत्र्याच्या झोपड्या उन्हात चमकत, म्हणून लोक त्याला चमकणारे इस्पितळ म्हणू लागले.

त्याच पोखऱ्याच्या पलीकडे एका डोंगरी गावात मी राहिले. गावाचे आणि तेथील बहिणींचे नाव मी सांगणार नाही, त्याचे कारण पुढे येईल. माझे काम साधे होते. मंडळीतल्या ज्या बायका लहान मुलांना शास्त्रातील गोष्टी सांगतात, त्यांना गोष्ट कशी सांगावी, चित्र कसे दाखवावे, गाणे कसे बसवावे, हे शिकवायचे. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला हे अवघड नाही. आम्ही हिंदीत बोलत होतो. त्यांची लिपी आपलीच देवनागरी. त्यामुळे त्यांचे नेपाळी शास्त्र मला खडाखडा वाचता येई आणि अर्थ मात्र निम्माच लागे! माझे वाचन ऐकून त्यांची हसून पुरेवाट होई. पण एक शब्द दोन्हीकडे सारखाच निघाला. आपण देवाच्या लोकांच्या समुदायाला मंडळी म्हणतो, त्या मण्डली म्हणतात. जात्यावरच्या ओवीच्या चालीवर मी त्यांना दावीद मेंढपाळाची गोष्ट बसवून दिली. तीन दिवसांत त्यांनी ती चाल बाजूला ठेवून स्वतःची डोंगरी चाल लावली. ती माझ्या चालीहून सरस होती.

त्या देशात साप्ताहिक सुटी शनिवारी असते, म्हणून मंडळ्यांची उपासनाही शनिवारी होते. २५ एप्रिल २०१५ च्या मोठ्या भूकंपात सुमारे नऊ हजार माणसे गेली. तो शनिवारच होता, दुपारी बाराला थोडी मिनिटे कमी. शाळा बंद होत्या म्हणून कितीतरी मुले वाचली. पण मंडळ्या त्याच वेळी उपासनेत बसल्या होत्या. अजूनही शनिवारी जमीन जराशी हलली तर तिथल्या बायकांचे डोळे छताकडे जातात.

२०२१ च्या खानेसुमारीत त्या देशात सुमारे पाच लाख ख्रिस्ती मोजले गेले, म्हणजे शंभरात दोनही नव्हेत. २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आणि २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी कायद्यात त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे. तो त्या देशाचा कायदा आहे. मी पाहुणी होते. तो पाळूनच मी मंडळीतल्याच शिक्षिकांपुरते काम केले. परंतु अशा ठिकाणी कोणाचे नाव, गाव आणि छायाचित्र चारचौघांत फिरवणे हे बेजबाबदारपणाचे होईल. म्हणून आपण मंडळात ज्यांच्यासाठी प्रार्थना करतो त्यांची नावे वहीतच राहतात. ती मोबाइलच्या गटावर जात नाहीत आणि या स्मरणिकेतही छापली जाणार नाहीत. देवाला ती ठाऊक आहेत.

निघण्याच्या आदल्या रात्री चुलीपाशी बसलो असता त्यांतली वयाने मोठी बहीण म्हणाली, "दिदी, शिकवायला पुष्कळ येतात. चांगले शिकवतात, फोटो काढतात, रडतात आणि जातात. मग आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करतो, पण ते पोहोचले की नाही हेही आम्हांला कळत नाही." तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजी निवडता निवडता सांगावे तसे तिने ते सांगितले. तीन आठवड्यांच्या शिकवण्याला काय अर्थ, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. माझ्या मते त्याचा अर्थ या बाईच्या प्रश्नाला आपण काय उत्तर देतो यावर ठरेल.

शास्त्रात याचा कित्ता आहे. प्रेषित पौल थेस्सलनीका शहरात गेला तेव्हा तीन शब्बाथ त्याने सभास्थानात शिकवल्याचे लिहिले आहे. पुढे दंगल उसळली आणि बंधुजनांनी त्याला रातोरात बाहेर काढले. मग त्याने काय केले? रात्रंदिवस त्यांच्यासाठी प्रार्थना केली. राहवेना तेव्हा खुशाली काढायला तीमथ्याला पाठवले. खुशाली कळल्यावर पत्र लिहिले, आणि पत्राच्या शेवटी आपल्यासाठीही प्रार्थना करा असे त्यांना विनवले. प्रार्थना, विचारपूस, पत्र आणि त्यांच्याकडे मागणे, या चारही गोष्टी आपल्याला जमण्यासारख्या आहेत. पौलाला होडीने निरोप पाठवावा लागे; आपल्या कमरेला तर फोन खोचलेला असतो.

आपण मंडळात याचीच सुरुवात केली, हे सभासदांना माहीत आहे, शेजारणींसाठी सांगते. नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा पाव तासाने पुढे चालते. त्यांची उपासना शनिवारी अकराला सुरू होते, तेव्हा आपल्याकडे पावणेअकरा झालेले असतात. त्या वेळी आम्ही अकराजणी जिथे असू तिथे पाच मिनिटे थांबतो. कोणी कुकर खाली उतरवते, कोणी दुकानात गिऱ्हाईक नसेल तर मान खाली घालते, एकीची तर बस नेमकी त्याच वेळी राहुरीच्या स्टँडवर उभी असते. महिन्यातून एकदा एकत्र बसतो आणि वही उघडतो.

वहीत काय लिहायचे हे मात्र आम्ही ठरवले नाही. आम्ही त्यांना विचारले. आपल्या मनाने ठरवले असते तर आम्ही लिहिले असते, 'त्यांना धैर्य मिळो, संकट टळो.' त्यांच्याकडून आलेल्या विनंत्या निराळ्या होत्या. एकीची मुलगी दहावीला बसली होती. एकीच्या सासूला मोतीबिंदू होता आणि सासू इस्पितळात यायला तयार नव्हती. एक तरुण शिक्षिका जेमतेम अक्षर लावून वाचणारी. मुलांपुढे वाचताना अडखळू नये, एवढेच तिचे मागणे. दोघींचे नवरे आखातात मजुरीला होते, ते सुखरूप यावेत. पावसात वाट वाहून जाते, ती यंदा टिकावी. 'जगातील सर्व संकटग्रस्तांना आशीर्वाद दे' असे म्हटले की पुढच्या महिन्यात विचारायला काही उरत नाही. मोतीबिंदूसाठी प्रार्थना केली की पुढच्या महिन्यात विचारावेच लागते, "सासूबाई गेल्या का इस्पितळात?" (गेल्या. डोळ्याचे काम झाले. आता त्यांना सुनेच्या स्वयंपाकातले खडे दिसतात अशी सुनेची तक्रार आहे.)

मग त्यांनी उलट विचारले, "तुमच्यासाठी काय मागायचे?" आपण लिहिले की, आमचा जिल्हा सह्याद्रीच्या पावसाच्या आडोशाला पडतो, तेव्हा पाऊस मागा, आणि पाथर्डी-शेवगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांची शाळा बुडू नये म्हणून मागा. ऊसतोड म्हणजे काय हे मला त्यांना समजावून सांगावे लागले. घरे सोडून सहा सहा महिने मजुरीला जाणे म्हणताच त्यांना लगेच कळले. त्यानंतर पावसाळ्यात दर आठवड्याला निरोप येई, "तुमच्याकडे पाऊस झाला का?" त्यांच्याकडे अतिवृष्टीने दरड कोसळायची धास्ती आणि आपल्याकडे थेंबाची वाट! दोन उलट्या मागण्या एकाच देवापुढे एकाच वेळी जात होत्या, आणि दोन्हीकडच्या बायका दुसरीचीच मागणी आधी करीत होत्या.

भगिनींनो, सर्वच विनंत्या मोतीबिंदूसारख्या पुऱ्या झाल्या असे मी सांगणार नाही. आखातात गेलेल्या त्या दोघांपैकी एक सुखरूप परतला. दुसऱ्यासाठी आपण नऊ शनिवार प्रार्थना केली. दहाव्या शनिवारच्या आधी तो कामावर उन्हाने कोसळल्याची बातमी आली, आणि काही आठवड्यांनी घरी पेटी आली. त्या महिन्याच्या सभेत आपल्यातल्या एकीने स्पष्टच विचारले, "मग आपण मागितले त्याचे काय झाले?" कोणालाही उत्तर देता आले नाही, आणि उसने उत्तर कोणी दिले नाही याचे मला समाधान आहे. वहीत त्याच्या नावापुढे आपण नुसती तारीख लिहिली व खाली त्याच्या पत्नीचे आणि मुलीचे नाव घातले. पुढे त्या बहिणीचा निरोप आला. ती म्हणाली, "त्या शनिवारी मी घराबाहेर पडणार नव्हते. मग आठवले की तुम्ही तिकडे काम टाकून बसाल. म्हणून मी उठले आणि मण्डलीत गेले." आपल्या नऊ शनिवारांनी तिचा नवरा परत आणला नाही. ती स्वतः मात्र उठून मंडळीत गेली. यापेक्षा अधिक मला या बाबतीत सांगता येत नाही. तिच्या मुलीच्या वह्यापुस्तकांचा खर्च मंडळाने उचलला आहे आणि तो तिथल्या मंडळीमार्फत जातो.

काही जणी विचारतात, "दूरच्यांसाठी एवढे करता, मग दाराशी आहेत त्यांचे काय?" प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर आपल्याच एका सभासद बाईने कृतीने दिले. सावेडीच्या रस्त्यावर चायनीजच्या गाडीवर एक नेपाळी मुलगा काम करतो. इतकी वर्षे त्या वाटेने जाताना तिने त्याच्याकडे पाहिले नव्हते. शनिवारच्या प्रार्थनेला बसू लागल्यावर एक दिवस तिने त्याला विचारले, "बाळ, तुझे गाव कोणते?" तेव्हापासून त्यांची ओळख झाली. पुढे तो तापाने फणफणला तेव्हा ती त्याला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि चार दिवस पेज पोहोचवली. त्याचा धर्म कोणता हे तिने विचारले नाही आणि त्यानेही सांगितले नाही. दूरच्या माणसाचे नाव रोज देवापुढे घेतले की त्याच्यासारखा दिसणारा जवळचा माणूस आपोआप दिसू लागतो, हा आमचा अनुभव आहे.

शेवटी एक सूचना. मार्चच्या पहिल्या शुक्रवारी जगभरच्या ख्रिस्ती स्त्रिया जागतिक प्रार्थनादिन पाळतात. १९२७ पासून तो सर्व देशांत होऊ लागला. दर वर्षी एका देशातील स्त्रिया त्या दिवसाची उपासना लिहितात आणि बाकीच्या देशांतील स्त्रिया तीच उपासना करतात. २०२४ साली ती पॅलेस्टाईनच्या, २०२५ साली कुक बेटांवरच्या आणि २०२६ साठी नायजेरियाच्या स्त्रियांनी लिहिली. आधी माहिती करून घ्या, मग प्रार्थना करा, आणि प्रार्थनेपाठोपाठ काही करा, असे त्या चळवळीचे धोरण आहे. आपल्याकडे हा दिवस पाळला जातो, पण बहुधा छापील कागद वाचून आपण घरी जातो. यापुढे त्या दिवसाआधी एक सभा केवळ त्या देशाची माहिती करून घेण्यासाठी ठेवावी, नकाशा भिंतीवर लावावा, आणि ज्या शेजारणींना यावेसे वाटेल त्यांनाही बोलवावे, अशी माझी मंडळाला विनंती आहे. नकाशा मी आणीन.

वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. ज्यांना शनिवारी पावणेअकराला पाच मिनिटे काढता येतील त्यांनी जाताना चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. पंधरा मिनिटांच्या फरकाचा हिशेब ज्यांच्या लक्षात राहणार नाही, त्यांच्यासाठी मी कागदावर लिहून आणला आहे.